कापसाच्या वाटेवर बुडालेल्या आगबोटी

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेपासून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेसातशे किलोमीटरवर. तेव्हा समुद्रतळाशी पडलेल्या आगबोटींशी वर्धा जिल्ह्याचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्या हिंगणघाटच्या कापसाला एकाएकी भाव चढला. ती नाकेबंदी चुकवून कापूस बाहेर काढायला दोन्ही बाजूंना चाकं असलेल्या हलक्या, वेगवान आगबोटी कामाला लागल्या. त्यांतल्या कित्येक बुडाल्या. त्यांचे अवशेष हा आपल्याही कापूसव्यवहाराचा पुरावा आहे आणि तो न उचलता, जागच्या जागी तपासला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

‘आयोना दुसरी’ ही क्लाइड नदीकाठी बांधलेली अशीच एक बोट १८६४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या वाटेवर इंग्लंडच्या लंडी बेटाजवळ बुडाली. कवचाचा पातळ पत्रा बराचसा गंजून गेला, पण बॉयलर आणि इंजिन तळाशी टिकून आहेत. १९९० पासून त्या जागेला कायद्याचं संरक्षण आहे. कापूस हवानाला पोचवणारी ‘डेनबी’ १८६५ च्या मे महिन्यात गॅल्व्हेस्टनजवळ गाळात रुतली आणि जाळली गेली. १९९७ मध्ये ती सापडल्यावर टेक्सासच्या अभ्यासकांनी पाण्याखाली उत्खनन केलं. अशा बोटींची चाकं जवळून पाहण्यासारखी असतात. वेगवान बोटींच्या चाकावरच्या फळ्या पक्क्या ठोकलेल्या नसत. मध्यापासून जरा सरकवून बसवलेल्या कडीला जोडलेले दांडे प्रत्येक फळीला पाण्यात शिरताना उभी करत. त्यामुळे पाणी नुसतं थापटण्यात वाया जाणारी ताकद वाचे.

पाण्याखालच्या अशा पाहणीवर आक्षेप असा की कारखान्यांचे आराखडे आणि बंदरांच्या नोंदवह्या असताना पाण्यात उतरायचं कशाला? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. नाव माहीत असलेल्या बोटीची बरीच हकिगत कागदावर मिळते. पण आराखडा बोट बांधताना कशी होती ते सांगतो. पुढे तिच्यात काय बदललं, शेवटच्या फेरीला काय भरलं होतं, हे अवशेषच सांगतात. शिवाय प्रत्येक बोटीचं नाव कुठे हाती असतं? गोव्याजवळच्या सेंट जॉर्ज खडकापाशी दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना जहाजाचा माल सापडला. त्यातल्या कौलांवर बासेल मिशनच्या कारखान्याचा ‘१८६५’ असा छाप होता. जहाज त्या सालानंतरचं, हे त्या छापावरूनच ठरलं. तिथल्याच अमी शोल्स या उथळ भागात वाफेच्या जहाजाचे बॉयलर आणि भट्टीच्या विटा मिळाल्या. तळावरची मांडणी न बघता त्या विटा कुणी वर आणून विकल्या असत्या, तर नुसतं भंगार उरलं असतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. बोट उचलून संग्रहालयात ठेवणं महाग आहेच आणि बहुतेक वेळा घातकही. खाऱ्या पाण्यातलं लोखंड वर काढून तसंच ठेवलं तर आत मुरलेले क्षार त्याला झपाट्याने खातात. ते धुऊन काढायला वर्षं लागतात. म्हणूनच माझा आग्रह नकाशा, मोजमाप आणि छायाचित्रं यांचा आहे. त्याचा खर्च बोट उचलण्याच्या मानाने फारच थोडा.

आपल्याकडे अशा पाहणीला गोव्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धा या नद्यांतून वाफेच्या बोटींनी आपल्या भागातला कापूस पूर्व किनाऱ्याला न्यायचा बेत इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात आखला होता. दुमागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी इथले खडकाळ टप्पे आडवे आले, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ मध्ये काम सोडून दिलं गेलं. आता गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्यामुळे सिरोंच्याकडच्या पात्राचं रूप बदललं आहे. जुन्या जलमार्गाची बांधकामं आणि पात्रातलं लोखंड यांची नोंद उन्हाळ्यात, पाणी उतरलेलं असतानाच झाली पाहिजे. नागपूर आणि गोंडवाना विद्यापीठांनी ती हाती घ्यावी. पुरातत्त्वाबरोबर स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीचे विद्यार्थीही तिथे हवेत, कारण गंजलेला दांडा चाकाचा की पंपाचा, हे त्यांना पटकन ओळखता येईल.