रडारचा ठिपका आणि अंदाजाचे गणित

चौल-रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लई आहे. तेथल्या समुद्रात जुलै २०२५ मध्ये रडारवर एक संशयास्पद नाव दिसली आणि किनाऱ्यावर एकच धावपळ उडाली. ऐन पावसात शोध सुरू झाला. असा ठिपका आपल्याला नेमके काय सांगतो, हे पाहू.

रडारची लहर वस्तूवर आपटून परत येते व तिला लागलेल्या वेळावरून अंतर कळते. परंतु लाटा, पाऊस, यंत्राच्या मर्यादा यांमुळे ते दर खेपेस थोडे इकडेतिकडे होते. नुसते ठिपके जोडले तर सरळ जाणारी नावही झिंगल्यासारखी दिसेल! यावर रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये मांडलेली रीत आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते. सहा नॉट वेगाची नाव मिनिटात सुमारे १८५ मीटर जाते. तेवढी ती गेली असेल, असा अंदाज आपण आधीच बांधून ठेवू. रडार म्हणते, २२५. फरक ४० मीटरांचा. रडारवर रुपयातले चार आणेच भरवसा असेल, तर त्यातले १० मीटर स्वीकारून नाव १९५ वर धरावयाची आणि तेथून पुढचा अंदाज करावयाचा. समुद्र खवळला की रडारचा वाटा कमी; नावेने वळण घेतल्याची शंका आली की जास्त. चांगला तांडेल तरी दुसरे काय करतो?

मात्र वस्तू कोठे आहे व कोणीकडे चालली आहे, एवढेच हे गणित सांगते. ती काय आहे, हे नाही. कोर्लईच्या समुद्रात नाव नव्हतीच. मासेमारीच्या जाळ्याचा, जीपीएस बसवलेला एक बोया वाहत आला होता, असे पोलिसांनी मागाहून सांगितले.