आवडत्या दिग्दर्शकाचा नवा चित्रपट कसा पाहावा?

बाजारात खोंड घ्यायला गेलेला शेतकरी आधी विचारतो, "कुणाच्या दावणीचा?" दावण नामांकित असली की त्याचे मन निम्मे तयार होते. पण तेवढ्यावर तो पैसे मोजत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच सौदा करतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र आपण इतके सावध नसतो. आवडत्या दिग्दर्शकाचे नाव ऐकले की गडी निघाला सिनेमाला! आणि पाहून आल्यावर दोहोंपैकी एक वाक्य ठरलेले: "त्यांचा आहे ना, मग चांगलाच असणार," नाहीतर "आता पहिल्यासारखे राहिले नाहीत बुवा."

ही दोन्ही वाक्ये चित्रपट न पाहताही म्हणता येतात, हीच त्यांची खोट. पहिल्या वाक्यात गुण मिळतात ते नावाला, दुसऱ्यात आपल्याच आठवणीला. पडद्यावर जे प्रत्यक्ष दिसले, त्याची विचारपूस राहूनच जाते.

यात एवढे काय बिघडते, असे कुणी म्हणेल. गुरुदत्तांचे उदाहरण पाहा. त्यांचा 'प्यासा' (१९५७) प्रेक्षकांनी उचलून धरला. दोन वर्षांनी त्यांनी 'कागज के फूल' (१९५९) काढला. एका नामवंत दिग्दर्शकाला जग कसे विसरते, त्याची ती कथा. लोकांनी या चित्रपटाकडे पाठ फिरवली. त्यानंतर १९६४ मध्ये निधन होईपर्यंत गुरुदत्तांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव एकाही चित्रपटाला लावले नाही. पुढे तोच चित्रपट त्यांच्या श्रेष्ठ कृतींत गणला गेला, पण ती दाद ऐकायला ते राहिले नव्हते. पडलेला प्रत्येक चित्रपट असा मोलाचा असतो, असे मुळीच नाही. पण घाईने दिलेल्या निकालाची किंमत कुणाला तरी भरावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांच्याकडे वळू. १९५५ साली त्यांचा 'झनक झनक पायल बाजे' आला. रंगांची उधळण, कथ्थक नृत्य, गोपीकृष्ण आणि संध्या यांची पावले. प्रेक्षक खूष झाले. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, 'दो आँखें बारह हाथ' आला. रंग नाहीत, दरबारी थाट नाही. उजाड माळ, सहा खुनी कैदी आणि त्यांना माणसात आणू पाहणारा एक जेलर. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा खरा प्रयोग. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मग १९५९ साली आला 'नवरंग', आणि पुन्हा रंग, नाच, गाणी नि कवीच्या कल्पनेतली मोहिनी!

चार वर्षांत तीन चित्रपट, दिग्दर्शक एकच. 'झनक झनक'चे माप 'दो आँखें'ला लावाल, तर तो कोरडा ठरेल. 'दो आँखें'चे माप 'नवरंग'ला लावाल, तर तो नुसता भपका ठरेल. 'नवरंग'ची कथा पातळ वाटली, तर खुशाल तसे म्हणा. पण ती त्या कथेकडे पाहून म्हणा. "यात जेलर नाही" म्हणून नको. दूध मोजायचे माप वेगळे, जमीन मोजायची साखळी वेगळी.

मग पाहायचे काय? पहिले म्हणजे, मनातल्या मनात दिग्दर्शकाचे नाव झाकून ठेवा. हाच चित्रपट एखाद्या नवख्या माणसाने काढला असता, तर तुम्ही काय म्हणाला असता?

दुसरे, जुने काही परत आले असेल, तर तो त्याचा हात आहे की नुसती सवय, ते पाहा. शांतारामबापूंच्या 'माणूस'मध्ये (१९३९) एक पोलीस शिपाई वेश्यावस्तीतल्या मैनेत गुंततो. 'पिंजरा'त (१९७२) एक आदर्श शिक्षक तमाशातल्या नर्तकीपायी सर्वस्व घालवतो. बीज जवळपास एकच. पण 'माणूस'मध्ये प्रश्न आहे तो मैनेला समाज जगू देईल का, हा. 'पिंजरा'त प्रश्न आहे तो माणूस मोडला तरी गावाने जपलेला त्याचा आदर्श टिकावा का, हा. जुन्या बीजातून नवा प्रश्न उगवला, तर तो हात. नुसती जुनी वाहवा पुन्हा वसूल करायची असेल, तर ती सवय.

तिसरे, यश-अपयश एकट्या दिग्दर्शकाच्या नावावर लिहू नका. 'दो आँखें'चे संगीत वसंत देसाई यांचे, 'नवरंग'चे सी. रामचंद्र यांचे. संगीत बदलले की चित्रपटाची चालही बदलते.

हे सारे जुन्या काळापुरतेच आहे, असे समजू नका. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१३ चा, 'सैराट' २०१६ चा. त्यानंतर २०२२ मध्ये आलेला 'झुंड' हिंदी. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांच्या फुटबॉलचा. 'सैराट'ची गाणी मनात धरून बसलेल्याला तो परका वाटेल. पण झोपडपट्टी आणि कॉलेज यांच्यामधली भिंत पाहा, आणि 'फँड्री'तल्या जब्याने शेवटी भिरकावलेला दगड आठवा. धागा सापडतो की नाही? धागा सापडला म्हणजे चित्रपट चांगलाच ठरला, असे मात्र नाही. तो किती घट्ट विणला आहे, ते तुम्हीच तपासायचे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना चित्रपट दाखवल्यावर "आवडला का?" हा प्रश्न लगेच टाकू नका. आधी विचारा, "काय दिसले?" मग विचारा, "काय वाटले, आणि कशामुळे?" आणि सर्वांत शेवटी, "याच दिग्दर्शकाच्या आधीच्या चित्रपटाहून हा कुठे वेगळा?" हा क्रम उलटा केला, की मुले गुरुजींच्या आवडीनिवडीच पाठ करून दाखवतात. क्रम नीट ठेवला, तर वर्गातले एखादे गप्प बसणारे पोर असे काही सांगून जाते, की आपणच पुन्हा चित्रपट पाहायला बसावे.

आवडत्या माणसावर लोभ असावाच. त्या लोभापायी नव्या चित्रपटाला दार उघडावे, बसायला पाट द्यावा. पण तो काय घेऊन आला आहे, हे त्याच्या हातातले गाठोडे सोडूनच ठरवावे.