कुस्तीतला गुडघा आणि व्यायामाच्या पाळ्या



ऊस आणि कुस्ती ही आपल्या भागातली जुनी जोडी. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीनेच त्यांची कुस्ती थांबली. आज उपाय आहेत, पण ते अर्धवट सोडले जातात, म्हणून हा लेखप्रपंच.

पाय रोवलेला असताना अंग वळले की गुडघ्यातला ‘एसीएल’ नावाचा बंध तुटू शकतो. ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा फुगतो. अशा वेळी पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, शेकू नये. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, पाय उंच ठेवावा आणि हाडांच्या डॉक्टरांना गाठावे.

डॉक्टर पुढे फिजिओथेरपी लिहून देतात आणि इथेच घोडं पेंड खातं. चार वेळा गेल्यावर ठणका कमी झाला की पोरगं म्हणतं, “आबा, आता बरं वाटतंय.” एस.टी.चं भाडं वाचलं म्हणून आबाही गप्प! पण ठणका थांबणे म्हणजे ताकद येणे नव्हे. दुखऱ्या पायाची मांडी थोड्याच दिवसांत बारीक पडते. ती भरल्याशिवाय गुडघ्याला आधार नाही.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. पहिल्या दिवशी सगळे कागद, फोटो आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी न्यावी. गुडघा उघडा करता येईल अशी चड्डी घालावी. कोणत्या डावात, कसा पाय मुरगळला आणि पुन्हा काय करायचे आहे, कुस्ती की नुसती शेतीची कामे, हे सरळ सांगावे. दुखणं लपवण्यात मर्दुमकी नाही.

मशीनच्या शेकावर सारी भिस्त ठेवू नये. खरे काम घरच्या व्यायामाचे. तो तिथेच करून दाखवावा, चुका दुरुस्त करून घ्याव्यात आणि किती वेळा करायचा ते वहीत लिहावे. व्यायामाने थोडे दुखले तर चालते. पण दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर पुढच्या खेपेला जरूर सांगावे.

शस्त्रक्रिया झाली असेल तर किमान नऊ महिने आखाडा नको. तेवढ्यावरही भागत नाही. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या निदान नव्वद टक्के झाली का, हे तपासून घ्यावे. घाई केली तर तोच गुडघा पुन्हा जातो.

लागणीला बेसल डोस दिला आणि पुढची बांधणी चुकवली, तर एकरी टनेज मिळेल का? गुडघ्याचेही तसेच. गळीत हंगामात तोड आली म्हणून पाळी चुकवू नये. घरातल्या दुसऱ्या कुणी फड सांभाळावा. तालमीच्या वस्तादांनीही हा मजकूर पोरांना वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.