सायकलीवरून बेचाळीसच्या गावांकडे

बचत, कर्ज, शेळ्या आणि शिवणकाम यांवर आपण रेडिओवर नेहमीच बोलतो. आज विषय जरा वेगळा आहे. आज बोलायचं आहे सायकलीबद्दल, नदीकाठच्या गावांबद्दल आणि ऐंशी वर्षांपूर्वी त्या गावांत जे घडलं त्याबद्दल.

आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी एक सायकल असते. पोरगी आठवीत गेली तेव्हा मानव विकासमधून मिळालेली. बारावी झाली, पोरगी लग्न होऊन गेली किंवा कॉलेजला लागली आणि सायकल गोठ्यात भिंतीला टेकून बसली. टायर चपटे, चेन गंजलेली. ही सायकल पुन्हा रस्त्यावर आणायची, चार-सहा जणींनी मिळून दोन दिवस बाहेर पडायचं आणि आपल्याच भागाचा इतिहास जागेवर जाऊन ऐकायचा, असं आमचं म्हणणं आहे.

हे काही नवल नाही. फ्रान्स देशात सोम नावाची नदी आहे. पहिल्या महायुद्धात, 1916 साली, तिच्या काठच्या भागात जवळपास पाच महिने लढाई चालली. लाखो माणसं मेली आणि जखमी झाली. आज त्याच नदीकाठानं सायकलवाट आहे. लोक रोज थोडं थोडं अंतर कापतात, वाटेतल्या गावांत मुक्काम करतात, सैनिकांच्या स्मशानभूमीत थांबून नावं वाचतात. त्याच देशाच्या उत्तरेला नव्ह शापेल या गावी आपल्या हिंदुस्थानी सैनिकांचंही स्मारक आहे. ज्यांची कबर की चिता कुठे, हेही कोणाला ठाऊक नाही, अशा साडेचार हजारांहून जास्त जणांची नावं तिथे कोरली आहेत.

आता आपल्याकडे बघा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या नद्यांच्या काठीही मोठ्या गोष्टी घडल्या. इथे तोफा धडाडल्या नाहीत, पण गोळ्या चालल्या. तिथे जायला विमान लागत नाही. सायकल पुरते.

पहिला रस्ता सोपा आहे, नवशिक्या जणींसाठी. सेवाग्राम ते पवनार, तासाभराची सायकल. सेवाग्रामला बापू कुटी आणि बा कुटी आहे. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, आपल्याच घरांसारखं. गांधीजींशी तातडीनं बोलता यावं म्हणून व्हाइसरॉयनं तिथे टेलिफोन बसवला होता, तोही पाहायला मिळतो. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. 17 ऑक्टोबर 1940 रोजी याच पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात केली. म्हणजे काय, तर इंग्रज सरकारनं आपल्याला न विचारता आपला देश युद्धात ओढला होता आणि त्याविरुद्ध बोलायलाही बंदी होती. विनोबा उभे राहिले आणि बोलले. त्यांना तुरुंगात टाकलं. पुढे 1942 च्या जुलैत वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीची बैठक झाली. इंग्रजांनी जावं, हा ठराव तिथे झाला आणि ऑगस्टमध्ये मुंबईला त्यावर शिक्कामोर्तब झालं.

दुसरा रस्ता वर्धा नदीच्या खोऱ्यातला. नागपूर-अमरावती रस्त्यावर तळेगाव (श्यामजी पंत) लागतं, तिथून आष्टीला वळायचं. महामार्गावर ट्रकांची फार वर्दळ असते, म्हणून तळेगावपर्यंत सायकली टेम्पोत टाकाव्यात आणि पुढे चालवाव्यात. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, तूर आणि संत्र्यांचे बगीचे. 16 ऑगस्ट 1942 चा दिवस, नागपंचमी होती. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक मोर्चा घेऊन गेले. गोळीबार झाला आणि सहा जण शहीद झाले. चिडलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. आजही गावाचं नाव आष्टी (शहीद) असं लिहितात. तिथून परत तळेगावला येऊन, वर्धा नदी ओलांडून, तिवश्याच्या पुढे गेलं की गुरुकुंज मोझरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या भजनांनी या भागातली गावं जागी केली होती. 1942 च्या ऑगस्टअखेर महाराजांना अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहून ते डिसेंबरात सुटले.

तिसरा रस्ता चिमूरचा. आमच्या मते आपल्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा. नागपूरहून उमरेड, तिथून भिसी आणि पुढे चिमूर. भिसीपर्यंत गाडीनं जावं, पुढचं सायकलीनं. धानाची बांधी लागते, पुढे उमा नदी. चिमूरलाही त्याच नागपंचमीला मिरवणूक निघाली. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. लोक पेटले, चार सरकारी माणसं मारली गेली. तीही कोणाच्या तरी घरची माणसं होती, हे विसरू नये. पण त्यानंतर जे झालं त्याला तोड नाही. तीन दिवसांनी सैन्य आलं. गावातले पुरुष पकडून नेले, घरं लुटली आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार केले. दादीबाई बेगडे या वयस्क बाईंचं नाव चिमूरच्या आठवणींत येतं. त्या साहेबासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हे थांबवा म्हणाल्या.

मैत्रिणींनो, त्या वेळी वर्तमानपत्रांवर बंदी होती. चिमूरची बातमी बाहेर जाऊ नये असाच बंदोबस्त होता. मग जगाला कळलं कसं? कळलं, कारण चिमूरच्या बायका बोलल्या आणि ऐकून घ्यायला माणसं गेली. नागपूरच्या काही बायका तिथे पोचल्या. त्यांनी घराघरात बसून बायांचं ऐकलं आणि बाहेर येऊन सांगितलं. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले. आपल्या यवतमाळचे बापूजी अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात होते. चिमूरला येऊन चौकशी करा, असं भन्साळींनी त्यांना विनवलं. काही होईना, तेव्हा त्यांनी उपास धरला. 11 नोव्हेंबर 1942 ते 12 जानेवारी 1943, तब्बल 63 दिवस. त्या उपासाची बातमी छापायलाही बंदी होती. शेवटी सरकारला चिमूरच्या बातम्यांवरची बंदी उठवावी लागली. आष्टी-चिमूरच्या खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा झाली होती. त्यांना वाचवण्यासाठी ज्यांनी जिवाचं रान केलं, त्यांत नागपूरच्या अनसूयाबाई काळे पुढे होत्या. 1952 साली त्याच नागपूरच्या खासदार झाल्या.

म्हणजे चिमूरचा इतिहास हा बायकांनी बोललेला आणि बायकांनी ऐकलेला इतिहास आहे. शहिदांच्या स्तंभावर त्यातलं थोडंच लिहिलेलं सापडतं. बाकीचं घरात आहे, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. 1942 साली जी पोरगी दहा वर्षांची होती, ती आज असलीच तर नव्वदीच्या पुढे आहे. तिच्या सुना, नाती आहेत. त्यांनाही विचारलं नाही तर थोड्या वर्षांत सांगणारं कोणी उरणार नाही.

सायकल कशाला? तर गाडीनं गेलं की आपण स्तंभाला हार घालतो, फोटो काढतो आणि परत फिरतो. सायकलवाली बाई ओसरीवर पाणी मागायला थांबते. पाणी देणारी विचारते, कुठून आल्या बाई? तिथून बोलणं सुरू होतं.

बोलताना थोडं भान ठेवावं. आल्या आल्या मोबाइल पुढे धरू नये, आधी विचारावं. "बेचाळीस साली काय झालं?" असं न विचारता, "त्या दिवसांत घरात चूल पेटली का? लेकरं कुठे लपवली? तुमच्या सासूबाई काय सांगायच्या?" असं विचारावं. अत्याचाराबद्दल खोदून विचारू नये. जेवढं सांगितलं तेवढंच लिहावं आणि घरच्यांच्या संमतीशिवाय कोणाचं नाव लिहू नये. गटाच्या बैठकीसाठी रजिस्टर असतंच. तसंच आठवणींचं एक वेगळं रजिस्टर ठेवावं, त्यावर तारीख आणि गाव घालावं.

आता तयारीचं. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस चांगले. उन्हाळ्यात आपल्याकडे निघूच नये. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर पुष्कळ झाले. निघण्याआधी दोन्ही ब्रेक तपासा, चेनला तेल द्या, हवा भरा. सीट एवढं उंच ठेवा की पायडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ होईल, म्हणजे गुडघे दुखत नाहीत. पंजाबी ड्रेस घाला, ओढणी कमरेला बांधा, चेनकव्हर बसवून घ्या. पंक्चरचं सामान आणि हातपंप गटात एक तरी हवा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी घोट घोट प्या. पॅड किंवा कापड जवळ ठेवा. मुक्कामाला त्या गावच्या ग्रामसंघाच्या ताईंना आधी फोन करा, झोपायची आणि संडासाची सोय विचारून घ्या. चिमूरकडे ताडोबाचं जंगल जवळ आहे, तिथे वाघ आहेत. पहाटे आणि दिवस मावळताना जंगलाच्या रस्त्यावर सायकल घालू नका. एकटीनं तर नाहीच.

आणि घरी काय सांगायचं? "बायांनो, सायकलीवर हिंडायला काय काम काढलं?" असं कोणी म्हणेलच. तेव्हा सांगा, नागपूरच्या बायका चिमूरला गेल्या तेव्हा त्यांनाही कोणी बोलावलं नव्हतं. पण त्या गेल्या म्हणून कळलं.

येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. कोणाच्या गोठ्यात सायकल आहे आणि कोणाच्या माहेरी जुन्या काळचं सांगणारी आजी आहे, या दोन गोष्टी लिहून काढा. बरेचदा त्या दोन्ही एकाच घरात सापडतात.