चोराच्या वाटा चोराला ठाऊक

वाचकहो, 'चोराच्या वाटा चोराला ठाऊक' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बहुधा ती कुणाला टोमणा मारायलाच वापरली जाते. पण तिच्यात एक व्यवहारी सल्लाही आहे. वाटा जर चोराला ठाऊक असतील, तर त्या त्यालाच का विचारू नयेत?

आपल्या मध्य भारतात हा प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी झाला. ठगांच्या टोळ्या वाटसरूंशी गोड बोलून सोबत करीत, पुढे त्यांचा गळा आवळून लूट घेत आणि प्रेते पुरून टाकीत. फिर्याद करायला कुणी उरतच नसे. जबलपूरकडे काम करणाऱ्या विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने हाती लागलेल्या ठगांनाच माफीचे साक्षीदार केले. त्यांतला फिरंगिया हा विशेष प्रसिद्ध. या साक्षीदारांनी टोळ्यांची नावे सांगितली, प्रेते पुरल्याच्या जागा दाखवल्या आणि 'रामसी' ही आपली गुप्त बोलीही उलगडून सांगितली. १८३६ साली स्लीमनने त्या बोलीचे शब्द पुस्तकरूपाने छापले.

आज हाच प्रश्न बँकांपुढे वेगळ्या रूपात उभा आहे. गुन्ह्यातून मिळालेला पैसा कष्टाचा किंवा व्यापाराचा आहे असे भासवणे, याला मनी लाँडरिंग म्हणतात. त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या जातात. पहिली, रोकड बँकेत किंवा एखाद्या धंद्यात शिरवणे. दुसरी, ती इतक्या खात्यांतून फिरवणे की मूळ सापडू नये. तिसरी, घर, जमीन, शेअर अशा रूपात ती उजळ माथ्याने बाहेर काढणे. दोष साधनांचा नसतो. एका पेढीची हुंडी दुसऱ्या गावी वटवणे हा आपल्या सराफ्यातला सचोटीचा व्यवहार होता. साधन तेच राहते, हेतू बदलतो. म्हणूनच वरवर पाहून काही कळत नाही.

याविरुद्ध कायदे झाले. १९८९ मध्ये 'फायनान्शिअल अ‍ॅक्शन टास्क फोर्स' ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि २०१० मध्ये भारत तिचा सदस्य झाला. आपल्याकडचा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा. तो १ जुलै २००५ पासून लागू आहे. दहा लाखांवरील रोख व्यवहार बँकेला दिल्लीच्या फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटला कळवावे लागतात. संशयास्पद व्यवहार तर रक्कम कितीही लहान असली तरी कळवावा लागतो. पण संशयास्पद म्हणजे काय, हे कोणत्या नियमावलीत पुरते लिहिता येईल? तिथेच वाट चालून आलेल्या माणसाची गरज लागते.

असा एक माणूस अमेरिकेतला सॅम अँटर. न्यूयॉर्क परिसरात 'क्रेझी एडी' नावाची रेडिओ-टीव्हीच्या दुकानांची मोठी साखळी होती. एडी हा सॅमचा चुलतभाऊ. सुरुवातीला हे कुटुंब विक्रीतली रोकड वहीत न दाखवता बाजूला काढी आणि कर बुडवी. त्यातला बराच पैसा इस्रायलमधल्या बँकेत गेला. हिशेब नीट 'सांभाळता' यावेत म्हणून घरच्यांनी सॅमला मुद्दाम हिशेबतपासनीस होण्यासाठी शिकवले. आपण मुलाला सीए करतो तेव्हा मनात काय असते, आणि इथे काय होते ते पाहा.

पुढे कंपनीचे शेअर बाजारात आणायचे ठरले. मग त्यांनी चोरी दरवर्षी थोडी थोडी कमी केली. समजा, खरा नफा दरवर्षी शंभर रुपयेच आहे. पहिल्या वर्षी त्यातले पन्नास लपवले, दुसऱ्या वर्षी तीस, तिसऱ्या वर्षी दहा. कागदावर नफा पन्नास, सत्तर, नव्वद असा वाढताना दिसतो, धंदा मात्र होता तिथेच असतो. १९८४ मध्ये शेअर विक्रीस आले आणि लोकांनी ते भरवशाने घेतले. नंतर वाढ दाखवत राहण्यासाठी गोदामातला माल फुगवून दाखवला गेला. परदेशी दडवलेला पैसा पनामामार्गे परत आणून दुकानांची विक्री म्हणून जमा केला गेला. धुलाई इथे उलट्या दिशेने झाली. आधी कर चुकवण्यासाठी पैसा लपवला, मग शेअरचा भाव चढवण्यासाठी तोच 'उत्पन्न' म्हणून पुढे आणला. १९८७ मध्ये कंपनी नव्या मालकांच्या हाती गेली, तेव्हा कागदावरचा कोट्यवधी डॉलरचा माल गोदामात नव्हताच. १९८९ मध्ये कंपनी बुडाली. एडी पळाला, पण इस्रायलमध्ये सापडला आणि पुढे तुरुंगात गेला. सॅमने गुन्हा कबूल केला, भावाविरुद्ध साक्ष दिली आणि तुरुंगवास टळला. त्यानंतर तो तपास अधिकाऱ्यांना आणि हिशेबतपासनिसांना हीच विद्या उलगडून शिकवू लागला.

त्याच्या शिकवणीचे सार दोन गोष्टींत सांगता येईल. पहिली अशी की, लबाड माणूस वहीतल्या आकड्यांआधी समोरच्या माणसाचा अभ्यास करतो. तपासायला आलेल्या तरुण मंडळींना गप्पांत गुंतवायचे, जेवायला न्यायचे, मदत करतो असे दाखवायचे. वेळ संपतो आणि तपासणी अर्धवट राहते. दुसरी गोष्ट, आपला चांगुलपणा हेच त्याचे हत्यार असते. समोरच्यावर विश्वास ठेवणे ही सज्जनाची सवय, आणि लबाड नेमकी तीच हेरतो.

हे वाचताना मला माझीच आठवण झाली. मी तीस वर्षे बँकेत काढली. शाखेत एक गृहस्थ नेहमी येत. बोलणे अत्यंत आदबीचे, गणपतीत प्रसाद आणीत, उन्हाळ्यात आंब्यांची पेटी पाठवीत. एक दिवसाआड ते अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास हजार रोख भरीत. कधी स्वतःच्या खात्यात, कधी भावांच्या, कधी ड्रायव्हरच्या. तेव्हा पन्नास हजारांवर रोख भरली की पॅन द्यावा लागे, हे त्यांना ठाऊक होते आणि मलाही. नव्याने लागलेली एक मुलगी मला म्हणाली, "सर, रोज रक्कम एवढीच कशी येते?" मी म्हणालो, "अगं, ओळखीचे आहेत ते." पुढे चौकशी लागली. सगळ्यांत आधी गोठले ते ड्रायव्हरचे खाते, आणि त्याचा पगार त्यातच येत असे. आपल्या नावावर किती पैसा फिरला, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हते. तो काउंटरवर येऊन म्हणाला, "साहेब, तुम्ही तर रोज बघत होता ना?" मला उत्तर देता आले नाही. 'भीड ही भिकेची बहीण' म्हणतात. माझ्या भिडेची किंमत मात्र त्याने मोजली.

आता दुसरी बाजूही पाहू. सुधारलेल्या गुन्हेगाराचे सगळेच खरे मानावे का? मुळीच नाही. स्लीमनच्या माफीच्या साक्षीदारांनी स्वतःची मान वाचवण्यासाठी इतरांची नावे घेतली असतील, अशी शंका इतिहासकारांनी घेतलेली आहे. फ्रँक अ‍ॅबग्नेलचे उदाहरण तर आपल्या काळातले. तोतया वैमानिक, तोतया डॉक्टर म्हणून केलेल्या करामती सांगत तो बँकांना फसवणुकीवर व्याख्याने देत असे, आणि २००२ मध्ये त्याच्यावर गाजलेला चित्रपटही निघाला. पुढे संशोधकांनी कागदपत्रे तपासली. ज्या वर्षांत त्या करामती केल्याचे तो सांगे, त्यांतला बराच काळ तो तुरुंगात होता असे दिसून आले. ठकवण्याविषयीची व्याख्यानेच ठकवणारी निघाली!

आपल्या कायद्याने हा धोका फार पूर्वी ओळखला. १८७२ च्या पुरावा कायद्यात गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष चालते असे म्हटले होते. पण मुख्य मुद्द्यांवर दुसऱ्या पुराव्याचा आधार नसेल, तर त्याला अविश्वासार्ह मानता येईल, असेही त्यातच होते. बँकांनीही हीच रीत पाळावी. त्या माणसाकडून वाट कुठून जाते ते ऐकावे, मग स्वतः जाऊन ती तपासावी. त्याचे मन पालटले की नाही, वाल्याचा वाल्मीकी झाला की नाही, हा वेगळा प्रश्न. बँकेला त्याच्या पश्चात्तापाशी कर्तव्य नाही, त्याच्या माहितीशी आहे. आणि तिजोरीच्या किल्ल्या मात्र त्याच्या हाती देऊ नयेत.

वाचकहो, हे सगळे बँकवाल्यांचे काम म्हणून सोडून देऊ नका. शिकणाऱ्या नातवाला कुणीतरी सांगतो, "तुझे खाते महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो." निवृत्त काकांना कुणी म्हणतो, "तुमच्या खात्यात रक्कम येईल, तेवढी पुढे पाठवा." दोन्ही ठिकाणी गुन्हेगार तुमच्या स्वच्छ नावाचा साबण करतो आहे. जाणूनबुजून अशी मदत करणाऱ्याला कायद्यात तीन ते सात वर्षांची सक्तमजुरी आहे, आणि अजाणता करणाऱ्यालाही खाते गोठण्याचा नि चौकशीचा ताप चुकत नाही. म्हणून पासबुक, एटीएम कार्ड, ओटीपी कुणालाही देऊ नये, अगदी ओळखीच्यालाही. आणि बँकेतल्या मुलीने "हा पैसा कुठून आला?" असे विचारले तर रागावू नये. ती तुमच्यावर संशय घेत नाही, तिचे काम करते आहे.

आमच्या शाखेतल्या त्या मुलीनेही तेच केले होते. मी तिचे ऐकायला हवे होते.