चावीला लटकवा आपलं गाव!

प्लास्टिकची पातळ शीट, चार मार्कर आणि दोन-तीन मिनिटांची उष्णता. एवढ्यात घरच्या घरी झक्कास कीचेन तयार! पण त्यावर काढायचं काय? खरी मजा तिथेच आहे.

फ्लॅटची चावी, बाइकची चावी, ऑफिसच्या ड्रॉवरची चावी. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यांचे चाव्यांचे जुडगे नीट बघा. त्यांना लटकलेलं कीचेन बहुतेक वेळा शोरूमवाल्याने दिलेलं नाहीतर कुठल्या तरी कंपनीच्या जाहिरातीचं. त्यात आपलं असं काहीच नाही! मग एका सुट्टीच्या दुपारी श्रिंक प्लास्टिक ट्राय कराच.

भानगड काय आहे?

श्रिंक प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीनची शीट. कारखान्यात ती गरम करून ताणतात आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड करतात. पुन्हा उष्णता मिळाली की तो ताण सुटतो आणि शीट आक्रसते. लांबी-रुंदी निम्मी झाली तर जाडी होते चौपट! म्हणून साध्या कात्रीने कापलेला तुकडा शेवटी चांगला टणक होतो.

१९७३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोघींनी 'श्रिंकी डिंक्स' नावाने ही शीट मुलांसाठी बाजारात आणली. हा निव्वळ पोरखेळ समजू नका हं. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मिशेल खाईन यांनी याच खेळण्यातल्या शीटवर प्रिंटरने नक्षी छापली, ती आक्रसवली आणि प्रयोगशाळेतल्या सूक्ष्म चिप्ससाठी साचे बनवले. २००८ मध्ये त्यांचं हे काम विज्ञानपत्रिकेत छापून आलं.

चला, करून बघू

शीट क्राफ्टच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. ब्रँडनुसार ती निम्म्यापासून एक तृतीयांशापर्यंत आक्रसते. त्यामुळे आधी १० सेंटीमीटरची पट्टी तापवून बघा. ती ५ सेंटीमीटरची झाली, तर ४ सेंटीमीटरच्या कीचेनसाठी चित्र ८ सेंटीमीटरचं काढायचं. साधा हिशोब!

चित्र परमनंट मार्करने काढा. रंग फिकेच भरा, कारण आक्रसल्यावर ते गडद होतात. रंगीत पेन्सिली वापरायच्या असतील तर शीटवर आधी बारीक सँडपेपर फिरवा. कोपरे गोलाकार कापा, नाहीतर टणक झाल्यावर टोचतात. भोक मात्र तापवण्याआधीच पाडायचं, कडेपासून अर्धा-पाऊण सेंटीमीटर आत. ऑफिसचं पंचिंग मशिन इथे कामाला येतं. भोकही आक्रसतं आणि कडीच्या मापाचं होतं.

ओटीजी १६० अंशांच्या आसपास तापवा. ट्रेवर बेकिंग पेपर, त्यावर तुकडा. तो वेडावाकडा वळेल, 'गेलं कामातून' असं वाटेल. घाबरू नका, थोड्या वेळात तो आपोआप सपाट होतो. बाहेर काढून गरम असतानाच जाड पुस्तकाखाली दाबा. झालं!

काढायचं काय?

इंटरनेटवरून कार्टून उतरवणं सोपं आहे. पण आपल्याकडे काय कमी आहे? सातपाटीची मच्छीमार होडी, तारापूरचा किल्ला, केळव्याची सुरूची झाडं, डहाणूचा चिकू. लोकलचा ग्रुप असेल तर विरारपासून डहाणू रोडपर्यंतच्या नऊ स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांचा सेट करा. ज्याचं जे स्टेशन, त्याच्या चावीला ती पाटी! आणि लहान वस्तूवर बारीक काम ही या भागाला नवी गोष्ट नाही. चिंचणी-वाणगाव परिसरात दागिन्यांचे डाय घरोघरी कोरले जातात.

आता वारली. पालघर म्हटलं की सगळ्यांना तेच आठवतं. त्रिकोण, वर्तुळं, तारपा नाच; दिसायला सोपं, म्हणून जो तो मगपासून मोबाइल कव्हरपर्यंत छापतो. पण लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी काढतात तो चौक म्हणजे नुसती डिझाइन नाही. त्यात पालघट देवी बसते, तो लग्नविधीचाच भाग आहे. ही कला भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेणारे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे.

स्वतःच्या चावीसाठी हौसेने तारपावाला काढलात तर छानच. पण विकायचा विचार असेल, तर चित्र वारली कलाकाराकडूनच काढून घ्या. त्याला त्याचे पैसे द्या आणि पाकिटावर त्याचं नाव छापा. चित्र आक्रसलं तरी चालेल, चित्रकार आक्रसता कामा नये!

हे लक्षात ठेवा

* गॅसच्या ज्योतीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये हा प्रयोग नको. खिडक्या उघड्या ठेवा. जळका वास आला तर लगेच ओव्हन बंद करा.
* गरम तुकड्याला हात लावू नका, चिमटा वापरा.
* वरून नेलपॉलिश लावायचा मोह टाळा. त्यातल्या सॉल्व्हंटमुळे शाई पसरते, प्लास्टिकही खराब होऊ शकतं. पाण्यात मिसळणारं वॉर्निश बरं.
* केक किंवा सॅलडच्या पारदर्शक डब्याच्या तळाशी त्रिकोणात ६ आकडा दिसला तर तो फेकू नका. ते पॉलिस्टायरीन असतं, त्याचा सपाट भाग धुऊन वापरता येतो. १ किंवा ५ आकडा असेल तर उपयोग नाही.
* शेवटी हे प्लास्टिकच. ढीगभर करून कचऱ्यात टाकण्यापेक्षा एकच करा, पण वर्षानुवर्षं वापराल असं!