दुसऱ्यांची सोंगं, घरची मराठी

२५ डिसेंबर २००९ रोजी ‘थ्री इडियट्स’ प्रदर्शित झाला आणि चतुर रामलिंगमचं भाषण घराघरांत पोचलं. युगांडात जन्म, पाँडिचेरीत शिक्षण, हिंदी कच्चं. मित्रांनी भाषणातले शब्द बदलून ठेवले तरी पठ्ठ्या घोकलेलं सगळं छाती काढून म्हणतो. तमिळ हेल काढणारा हा नट, ओमी वैद्य, मराठी घरातला आहे हे मात्र अनेकांच्या गावीही नव्हतं.

त्यांचा जन्म १९८२चा, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागातल्या यक्का व्हॅलीतला. १९६५च्या कायद्याने अमेरिकेने देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि भारतातल्या शिकलेल्या माणसांना तिकडची दारं उघडली. तिथे स्थिरावलेल्या मराठी माणसांनी १९८१मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं केलं. त्या मंडळींची मुलं घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर इंग्रजी बोलत वाढली. ओमी त्यांतलेच. पुढे ते न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश कलाशाळेत शिकले.

हॉलिवूडने त्यांना काय दिलं? ‘द ऑफिस’ या मालिकेत २००५ साली ते संगणकाच्या कामासाठी आलेला सादिक झाले. त्याला नुसतं पाहूनच तिथला साहेब दहशतवादी समजून घाबरतो. प्रसंग त्या साहेबाच्या अज्ञानावरच हसतो हे खरं. पण सावळ्या चेहऱ्याच्या नटाला तेव्हा मिळत होतं ते असंच काहीतरी.

आमच्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, बरीच सोंगं ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. संबळ वाजू लागला की मुखवटा घालून नाचणारा कोणाच्या घरचा, हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. ओमींच्या वाट्याला असं घरचं सोंग कुठून येणार? अमेरिकेने त्यांना सादिक केलं, मुंबईने चतुर. ‘मेट्रो पार्क’ या २०१९च्या मालिकेतही ते न्यू जर्सीतल्या गुजराती कुटुंबाचा तमिळ जावई कन्नन होते. ही सगळी सोंगं त्यांनी जीव ओतून वठवली. चतुर आवडतो तो त्याच्या चुकांपेक्षा त्याच्या जिद्दीमुळे, असं मला वाटतं.

१९ जानेवारी २०२४ रोजी ‘आईच्या गावात मराठी बोल’ आला. दिग्दर्शक आणि नायक दोन्ही ओमीच. अमेरिकेत वाढलेला समर लग्नासाठी मराठी मुलगी शोधत महाराष्ट्रात येतो. त्याची मराठी अडखळते, पण ती त्याच्या घरची आहे.

असं अडखळणं आमच्याकडेही आहे. जव्हारजवळच्या दाभोशाकडच्या आश्रमशाळांत वारली, कोकणा, कातकरी बोलींत वाढलेली मुलं येतात आणि पुस्तकी मराठीपाशी थबकतात. उच्चार चुकला की वर्ग हसतो, मग ती बोलणंच सोडतात. ओमींचा हा चित्रपट त्या मुलांना दाखवावा, आणि आधी त्यांच्या गुरुजींना.